ग्लुटेनमुक्त पास्ता आणि घरचा मरिनारा

इटालियन-अमेरिकन घरांत पास्त्यावर पडणारा रोजचा लाल सॉस म्हणजे मरिनारा. चौघांसाठी ८०० ग्रॅम डबाबंद सोललेले टोमॅटो हाताने कुस्करा. पाव वाटी ऑलिव्ह तेलात लसणाच्या ५ पाकळ्यांचे काप मंद आचेवर फिकट सोनेरी करा. लसूण करपला तर सॉस कडू होतो. मग साखर घालूनही सुटका नाही. टोमॅटो, पाऊण चमचा मीठ, चिमूटभर ओरेगॅनो घालून २५ मिनिटं मंद रटरटू द्या. बेझिलची पानं शेवटी. अंगणातली तुळस चालणार नाही, तिचा वास लवंगेकडे झुकतो.

खरी कसोटी पास्त्याची. ग्लुटेनचं, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचं, जाळं नसल्यानं तो एकाएकी मऊ पडून तुटतो. तांदूळ-मक्याचा ४०० ग्रॅम पास्ता ४ लिटर उकळत्या खारट पाण्यात टाका आणि पहिली २ मिनिटं ढवळत राहा, नाहीतर गोळा होतो. पाकिटावरच्या वेळेच्या २ मिनिटं आधीच चाखा. मधोमध किंचित कचकच लागली की उपसा. धुऊ नका. पास्ता शिजवलेल्या पाण्यातलं अर्धी वाटी राखून ठेवा, त्यातलं लागेल तेवढं घालत पास्ता सॉसमध्ये मिनिटभर हलवा आणि लगेच वाढा. गार झाला की तो कडक होतो.

सीलिअ‍ॅक हा ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार असलेल्यांसाठी चाळणी वेगळी ठेवा. गव्हाचा पास्ता गाळलेली चालत नाही.