अल्कोहोलचे विद्युत-रासायनिक ऑक्सिडीकरण : मोजमापातील या चुका टाळा

प्लॅटिनम किंवा पॅलेडियमच्या नॅनोकणांवर मिथेनॉल वा इथेनॉलचे ऑक्सिडीकरण मोजताना आलेखातले शिखर उंच आले, की उत्प्रेरक उत्तम असल्याचा निष्कर्ष घाईने काढला जातो. त्याआधी अल्कोहोल न घालता नुसत्या इलेक्ट्रोलाइटमध्ये चक्रीय व्होल्टॅमोग्राम (विभव पुढे-मागे फिरवत नोंदलेला प्रवाहाचा आलेख) घ्यावा. आम्लातील प्लॅटिनमवर हायड्रोजन पृष्ठभागाला चिकटण्या-सुटण्याची शिखरे स्पष्ट उमटली नाहीत, तर पृष्ठभाग किंवा द्रावण अस्वच्छ असल्याची शंका घ्यावी.

या अस्वच्छतेचे मूळ पुष्कळदा संदर्भ इलेक्ट्रोडमध्ये (ज्याच्या तुलनेत विभव मोजतात त्यात) असते. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडमधून झिरपणारे क्लोराइड आयन प्लॅटिनमवरील सक्रिय जागा अडवतात. म्हणून सल्फ्युरिक आम्लात मर्क्युरी-मर्क्युरस सल्फेट आणि अल्कलीत मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइड इलेक्ट्रोड वापरणे श्रेयस्कर. काचसामान बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने धुऊन तसेच वाळवणे ही त्याच जातीची चूक आहे. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर असल्याने इथेनॉलची वाण नाही, मात्र डिनेचर्ड स्पिरिटमध्ये (पिण्यास अयोग्य केलेल्या अल्कोहोलमध्ये) मिसळलेली द्रव्ये निकाल बिघडवतात, तेव्हा विश्लेषणात्मक दर्जाचेच इथेनॉल घ्यावे.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे जातो आणि अभिक्रियेचा वेग तापमानाबरोबर वाढतो. त्यामुळे जानेवारीतील एका नमुन्याची मे महिन्यातील दुसऱ्याशी तुलना निरर्थक ठरते. सेलभोवती 25 अंशांचे पाणी फिरते ठेवावे. नायट्रोजनचे बुडबुडे सोडताना मिथेनॉल वायूबरोबर उडून जाते, म्हणून तो वायू आधी त्याच संहतीच्या द्रावणातून न्यावा आणि प्रत्यक्ष मोजणीच्या वेळी द्रावणाच्या वर ठेवावा.

पुढे आणि मागे जाणाऱ्या शिखरांचे गुणोत्तर ‘कार्बन मोनॉक्साइड-सहनशीलता’ (अभिक्रियेत तयार होऊन पृष्ठभाग अडवणाऱ्या मोनॉक्साइडपुढे उत्प्रेरक किती टिकतो याचे माप) म्हणून देण्याची रूढी फार पसरली आहे, आणि ती सोडून द्यावी हे बरे. परतीचे शिखर मुख्यतः ऑक्साइड निघून गेल्यावर मोकळ्या झालेल्या पृष्ठभागावर ताज्या अल्कोहोलचेच ऑक्सिडीकरण दाखवते. ते उरलेल्या मोनॉक्साइडचे माप नव्हे. सहनशीलता पाहायची असेल, तर मोनॉक्साइड स्ट्रिपिंग (पृष्ठभागाला चिकटवलेला मोनॉक्साइड ऑक्सिडीकरणाने काढून मोजणे) आणि स्थिर विभवावर दीर्घकाळ घेतलेला प्रवाह-काल आलेख अधिक विश्वासार्ह ठरतात.

सक्रिय क्षेत्रफळ काढताना दर चौरस सेंटिमीटरला 210 मायक्रोकूलोंब हा विद्युतभाराचा आकडा प्लॅटिनमवर चिकटलेल्या हायड्रोजनच्या एका थरासाठी आहे. पॅलेडियम हायड्रोजन आत शोषून घेत असल्याने तो तेथे लावू नये, ऑक्साइडच्या क्षपणाचे शिखर वापरावे. अल्कलीत पॅलेडियमवर इथेनॉलचा प्रवास बहुधा 4 इलेक्ट्रॉन देऊन अॅसिटेटपाशी थांबतो, कार्बन डायऑक्साइडपर्यंतचे 12 इलेक्ट्रॉन क्वचितच मिळतात. म्हणून एचपीएलसी (द्रवातील घटक वेगळे करणारी पद्धत) किंवा एनएमआरने (चुंबकीय अनुनादाने रेणू ओळखणाऱ्या पद्धतीने) द्रावणातील उत्पादने तपासल्याशिवाय ‘पूर्ण ऑक्सिडीकरण’ असा दावा करू नये.