नेटहॅकच्या भिंतींत शिरलेली अक्षरं

नेटहॅक या अक्षरांनी नकाशा काढणाऱ्या कॉम्प्युटर गेममध्ये भिंती | आणि - अशा तुटक दिसतात, आणि उघडं दारही तीच चिन्हं वापरतं, फरक फक्त रंगाचा. म्हणून मी सिमसेट, म्हणजे गेममधला चिन्हांचा संच, बदलून डेकग्राफिक्स केला. सलग रेघा येतील असं वाटलं, आल्या एक्स आणि क्यूच्या रांगा! क्यू म्हणजे रोथेसारखे चतुष्पाद राक्षस, त्यामुळे खोलीभर जनावरं बांधल्यासारखं दिसत होतं. कारण साधं: डेकग्राफिक्स व्हीटी१०० या जुन्या टर्मिनलचा (अक्षरं दाखवणाऱ्या पडद्याचा) रेघांचा संच वापरतो, त्यात एक्स म्हणजे उभी रेघ, क्यू म्हणजे आडवी. माझं टर्मिनल, म्हणजे गेम दाखवणारा प्रोग्राम, यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची आजची पद्धत) मोडमध्ये तो संच चक्क दुर्लक्षित करत होतं. 'यूटीएफ-८ मध्येही व्हीटी१०० रेघा काढा' हा टर्मिनलच्या सेटिंगमधला पर्याय टिक केला, काम झालं. अँगबँड या तशाच दुसऱ्या गेमवाल्यांना # च्या भरीव भिंती आवडतात. नेटहॅकमध्ये # म्हणजे बोळ, तेव्हा तो नाद नकोच.