सांगलीच्या आजोबांसकट कॉलेजची यादी कशी करावी

अमेरिकेत एडिसन काय नि फ्रिमाँट काय, आपल्या मराठी घरांत कॉलेजची यादी मुलांआधी आईबापांच्या डोक्यात तयार असते. ती कागदावर उतरवा. अकरावी संपून सुट्टी लागली, की १ ऑगस्टला कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, उघडायच्या आत एका रविवारी सगळे बसा. प्रत्येकाने आपापली पाच कॉलेजं लिहायची, पुढे खरं कारण. ‘चांगलं आहे’ हे कारण नव्हे.

थोरलीच्या वेळी यांच्या कागदावर पहिला होता ब्राउन विद्यापीठाचा आठ वर्षांचा डॉक्टरकीचा कोर्स. कारण, ‘एकदा आत गेली की चिंता मिटली.’ माझं रटगर्स, आपल्या न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ, शनिवारी डबा पोचवता येतो म्हणून. तिचं विल्यम्स. व्हिडिओ कॉलवर सांगलीहून आजोबा म्हणाले, “हे कुठलं गं?” मॅसॅच्युसेट्समधलं छोटं कॉलेज, १७९३ सालचं, गणिताला उत्तम. पण नात्यात कुणी नाव ऐकलेलं नाही, म्हणजे संपलंच! चारचौघांत सांगता येईल असं नाव आजोबांना हवं असतं, त्यात वावगं काही नाही. फक्त तिथे ‘नातेवाईक’ असं सरळ लिहा, ‘शिक्षणाचा दर्जा’ असं भारदस्त नको.

मग पैसे. मुलांसमोर पगाराचा विषय काढायचा नाही, ही आपली रीत इथे महागात पडते. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता अंदाजे किती भरावं लागेल ते सांगणारा. त्यात मुलाला शेजारी बसवून खरे आकडे भरा. अर्ली डिसिजनचा अर्ज साधारण १ नोव्हेंबरपर्यंत जातो आणि तो बांधून घेणारा असतो, म्हणजे प्रवेश मिळाला की तिथेच जायचं. त्यावर पालकांचीही सही लागते. हिशोब आधी, सही नंतर.

मूल एच-४ वर, म्हणजे आईच्या किंवा वडिलांच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर असेल तर हे सगळ्यात आधी बघा: फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही, मदतीच्या बाबतीत बरीच कॉलेजं त्याला परदेशी विद्यार्थ्यांत धरतात आणि वयाची २१ पूर्ण झाली की एच-४ संपतो, बरीच मुलं मग एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घेतात. राज्यातली सवलतीची फी लागू होते का, याचा नियम राज्यागणिक वेगळा. तो कॉलेजला ईमेल करून लेखी विचारा, मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या काकांना नको.

कॉमन ॲपच्या अर्जात दहा उपक्रमांची जागा असते. आपली मुलं तिथे रोबोटिक्स नि डिबेट कोंबतात. आजीला डॉक्टरकडे नेणं, तिथलं इंग्रजी तिला मराठीत सांगणं, धाकट्याला शाळेतून आणणं, हे कुणी लिहीत नाही. कौटुंबिक जबाबदाऱ्या असा वेगळा प्रकारच त्या यादीत आहे. लिहायला लावा. ६५० शब्दांच्या निबंधाला मात्र हात लावू नका.

शेवटचं, मार्कांचं. कॉलेज सुरू झालं की १९७४ च्या फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवणाऱ्या कायद्याने निकालावर हक्क मुलाचा. फी तुम्ही भरता म्हणून कॉलेजने तो तुम्हाला दाखवलाच पाहिजे असं नाही. तेव्हा कॉलेज पक्कं करायला साधारण १ मेपर्यंत डिपॉझिट भरायचं असतं, त्याआधीच यावर बोलून घ्या. आमच्याकडे ठरलंय, सेमिस्टर संपलं की ती आपणहून दाखवेल, मधे कुणी विचारायचं नाही. यांना ते अजून जमत नाही.