साताऱ्यात गाडीने फिरायचं तर एका दिवसाला एकच खोरं धरा

पुण्याकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या सुरूर फाट्याला उजवीकडे वळतात, वाईत न थांबता पसरणी घाट चढतात आणि दुपारी महाबळेश्वरच्या बाजारात पार्किंग शोधत फिरतात. दोन दिवसांनी त्याच रस्त्याने परत. सातारा जिल्हा खरंच बघायचा असेल, तर महाबळेश्वरला एक दिवस पुरतो. उरलेले दिवस कुठे आणि कसे लावायचे, ते खाली क्रमाने दिलं आहे.

आधी मुक्काम आणि खोरी

पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार आहे. तिच्यापासून पूर्वेकडे डोंगराच्या सोंडा उतरतात आणि दोन सोंडांच्या मधून एकेक नदी वाहते: कृष्णा, वेण्णा, उरमोडी, तारळी. रस्तेही बहुतेक या खोऱ्यांतून नाहीतर सोंडेच्या माथ्यावरून जातात. त्यामुळे एका सोंडेवरून शेजारच्या सोंडेवर जायचं तर बहुतेक वेळा खाली उतरून वळसा घालावा लागतो. कास आणि ठोसेघर नकाशावर जवळजवळ दिसतात, पण मधे उरमोडीचं खोरं आहे. दोन्ही एका दिवसात उरकायला निघालेला माणूस दिवसभर गाडीतच बसतो.

म्हणून मुक्काम सातारा शहरात ठेवा. कास, सज्जनगड, मेढा, औंध, सगळ्या वाटा इथूनच फुटतात, आणि शनिवार-रविवारी महाबळेश्वरच्या मानाने खोल्या स्वस्त पडतात. रोज सामान बांधायची कटकटही नाही. रोज सकाळी एक खोरं धरायचं आणि अंधार पडायच्या आत परत यायचं.

महिना कोणता निवडावा

महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. तेव्हा ‘साताऱ्याला कधी यावं’ याला एकच एक उत्तर नाही.

जुलै-ऑगस्टात धबधबे जोरात असतात, पण महाबळेश्वरचे पॉइंट धुक्यात बुडालेले असतात. तिकीट काढून पांढरा पडदा बघायची हौस असेल तर जरूर जा. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात हा कासच्या फुलांचा काळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा स्वच्छ, किल्ले चढायला बरे, आणि डिसेंबरपासून स्ट्रॉबेरी. फुलं आणि धबधबे दोन्ही हवे असतील तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरा, तोही मंगळवार-बुधवार. रजा टाकावी लागली तरी चालेल, पण कासला रविवारी जाऊ नका.

येतानाच वाई बघून घ्या

पहिला दिवस प्रवासाचाच असतो, तो वाईवर खर्च करा. सुरूर फाट्यावरून वाई दहा-बारा किलोमीटर. कृष्णेच्या घाटावरचा ढोल्या गणपती सगळ्यांना ठाऊक असतो, पण दर्शन घेऊन लगेच फिरू नका, देवळाच्या मागच्या बाजूला जा. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये हे देऊळ बांधलं तेव्हा मागची भिंत माशाच्या आकाराची केली. पुराचं पाणी त्या टोकावर फुटून दोन्ही बाजूंनी निघून जावं, हा त्यामागचा विचार. देऊळ आजही उभं आहे, म्हणजे हिशेब चुकला नाही. नदीकाठाने चालत गेलात की एकामागून एक घाट लागतात. हिवाळा सरता सरता याच घाटांवर कृष्णाबाईचे उत्सव होतात. त्या दिवसांत आलात तर दुपारचं जेवण घाटावरच्या पंगतीत होण्याची शक्यता बरीच.

वाईपासून तीन किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा खासगी मालकीचा आहे. उघडा असेल तर आतली भित्तिचित्रं बघा, नसेल तर सरळ मागच्या घाटावर उतरा. तिथे एका छोट्या मंडपात मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूसह मेरीची आकृती आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि निरनिराळ्या देवळांत टांगल्या गेल्या. मेणवलीची त्यातलीच एक. वेळ उरला तर पुढे धोमचं नृसिंहाचं देऊळ आहे. नाही उरला तरी हळहळू नका, कारण लिंब गाव गाठायचंय.

साताऱ्याकडे जाताना महामार्गावरून लिंबला वळलात की शेतांच्या मधे बारा मोटांची विहीर लागते. शाहू महाराजांच्या काळात, शके १६४१ ते १६४६ म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात, वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. वरून बघितलं तर नुसती दगडी विहीर. पायऱ्या उतरून आत गेलात की दरवाजा लागतो, आणि विहिरीच्या पोटात चक्क एक छोटा महाल आहे. कोरीव खांब, बसायला जागा, दोन्ही बाजूंना पाणी. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत गारवा. म्हणूनच ही जागा भर दुपारी बघायची. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळतात आणि काठाला कठड्याचा भरवसा नाही, तेव्हा लहान मुलांचा हात सोडू नका.

संध्याकाळी साताऱ्यात पोचलात की अजिंक्यताऱ्यावर गाडी बरीच वरपर्यंत जाते. १७०८ मध्ये छत्रपती शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि हे गाव राजधानी बनलं. वरून समोर सज्जनगड, यवतेश्वरचा डोंगर आणि शहर असा सगळा पसारा दिसतो. पुढच्या दोन-तीन दिवसांचा नकाशा इथेच डोळ्यांनी पाहून घ्या, तो मोबाइलपेक्षा जास्त कळतो.

कास आणि बामणोली

समर्थ मंदिराच्या चौकातून कासचा रस्ता यवतेश्वरच्या घाटाने वर चढतो. पठार साधारण पंचवीस किलोमीटरवर. फुलांच्या हंगामात प्रवेशासाठी ऑनलाइन नोंदणी असते. घरूनच करून निघा, वर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. सकाळी आठ-नऊला पोचलात तर ऊन येईल तशी फुलं उमलताना दिसतात.

कासला जाणाऱ्या पुष्कळांची निराशा होते, कारण ते जाहिरातीतला रंगीत गालिचा शोधत उभे राहतात. खाली बसून बघा. जांभ्या दगडावर मातीचा जेमतेम थर आहे, कुठे कुठे बोटभरही नाही, आणि एवढ्याशा मातीत जगणारी ही झाडं आहेत. सीतेची आसवं म्हणतात ती निळी-जांभळी फुलं कीटकभक्षी वनस्पतीची आहेत. माती गरीब, म्हणून पोषण किड्यांतून मिळवायचं. सोनकी, तेरडा, पांढरे गेंद हे दरवर्षी. टोपली कारवी मात्र सात वर्षांतून एकदा सगळी मिळून फुलते, ते वर्ष गाठता आलं तर नशीब. पश्चिम घाटातल्या स्थळांबरोबर २०१२ मध्ये कासला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, पण फोटोसाठी फुलांत लोळणारे कमी झाले नाहीत. आखलेली वाट सोडू नका, एवढंच.

कासहून पुढे रस्ता बामणोलीला उतरतो. कोयनेच्या धरणाने तयार झालेला शिवसागर जलाशय इथे पसरला आहे. मूळ गावं, शेतं, देवळं पाण्याखाली गेली, माणसं वर सरकली किंवा दूर उठून गेली. काठावरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाशी बोलणं निघालं तर ऐकून घ्या. दुपारी तासभर बोटीने फिरता येतं. लाइफ जॅकेट मागून घ्या, नुसतं हातात धरू नका, अंगात घाला. वासोटा किल्ला इथूनच बोटीने जाऊन करतात, पण तो वनखात्याच्या परवानगीचा, जंगलातून चढायचा, पूर्ण दिवसाचा बेत आहे आणि पावसाळ्यात बंद असतो. कासच्या दिवसाला तो जोडायच्या भानगडीत पडू नका.

घाटात गाडी कशी चालवावी

मैदानात चालवायची सवय असलेल्यांनी एवढं पाळा. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणारे महाभाग अजून भेटतात. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि ऐन वळणावर ते लागेनासे होतात. वास आलाच तर गाडी बाजूला घेऊन निवू द्या, वर पाणी ओतू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आंधळ्या वळणावर हॉर्न, आणि समोरून एसटी येणार असं धरूनच वळायचं, कारण ती येतेच. धुक्यात दिवे अपर ठेवले तर धुकंच उजळतं आणि रस्ता दिसत नाही, तेव्हा दिवे खाली. पावसाळ्यात मेढ्याकडून महाबळेश्वरला चढणाऱ्या केळघर घाटात आणि प्रतापगडच्या वाटेवरच्या आंबेनळी घाटात दरडी येतात, निघण्यापूर्वी रस्ता चालू आहे का ते विचारा.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरचं राज्य असतं. मागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि पुष्कळदा लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. अंधारात पुढे काही दिसत नसताना अचानक उसाची भिंतच समोर येते. रात्री गाडी चालवू नका असं म्हणतो ते यासाठी.

टाकी साताऱ्यातच भरा आणि सुट्टे पैसे जवळ ठेवा. डोंगरातल्या टपऱ्यांवर क्यूआर कोड असतो, पण रेंज नसली की तो शोभेचा.

सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडी

हा सगळ्यात सोपा दिवस. साताऱ्यातल्या बोगद्यातून बाहेर पडलात की सज्जनगड पंधरा-सोळा किलोमीटर. गाडीतळापासून पायऱ्या आहेत, दमत-बसत कुणीही चढतं. याचं जुनं नाव परळीचा किल्ला. समर्थ रामदास स्वामींनी १६८२ मध्ये इथेच देह ठेवला. समाधीचं दर्शन झालं की गडावर दुपारी भाविकांना महाप्रसाद मिळतो. ताट स्वतः धुवायचं असतं, मुलांनाही धुऊ द्या. उरमोडीचं धरण वरून छान दिसतं.

तिथून ठोसेघर दहा-बारा किलोमीटर. धबधबा पावसाळ्यात आणि नंतर महिनाभरच बघण्यासारखा. मार्चमध्ये आलात तर कड्यावर पाण्याची रेघ दिसेल. बांधलेल्या गॅलरीतूनच बघा. पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, वारा असा की टोपी धरून बसावं लागतं. गरम कणीस किंवा भजी मिळाली तर उत्तम.

महाबळेश्वर, पण मेढ्याकडून

महाबळेश्वरला जायचंच आहे, तर साताऱ्याहून मेढा-केळघरमार्गे जा. अंतर पंचावन्न किलोमीटरच्या आसपास, आणि पसरणी घाटातली रांग टळते. पहिल्यांदा बाजारात न शिरता सरळ क्षेत्र महाबळेश्वरला पोचा. पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. जवळच कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ आहे, तिथे गर्दी कमी आणि शांतता जास्त. मग प्रतापगड, महाबळेश्वरपासून चोवीस किलोमीटर. १६५६ मध्ये बांधलेला, आणि १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखानाचा वध झाला तो याच्या पायथ्याशी. वाटाड्या घ्या, बुरुजांची रचना सांगणारा माणूस बरोबर असला की गड वेगळाच दिसतो.

गड चढायचा नसेल किंवा बरोबर वाचणारी मुलं असतील, तर भिलार गाठा. पाचगणीजवळच्या या गावात २०१७ पासून घराघरांत पुस्तकं मांडून ठेवली आहेत. कुणाच्याही ओसरीत बसून वाचावं. माझ्या मते पॉइंटवर घोडे बघण्यापेक्षा ही दुपार कितीतरी बरी. स्ट्रॉबेरी रस्त्यावरच्या पहिल्या दुकानातून न घेता शेताच्या बांधावरून घ्या.

एक दिवस हाताशी असेल तर पूर्वेला

डोंगराला पाठ करून माहुलीला जा. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर जुनी देवळं आणि राजघराण्यातल्या समाध्या आहेत. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. पुढे कोरेगाव, रहिमतपूर करत औंध. इथला डोंगर उघडा, हवा कोरडी, पश्चिमेच्या हिरव्याचा मागमूस नाही. टेकडीवर यमाई आणि वाटेतच श्री भवानी संग्रहालय. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ मध्ये उभारलं. स्वतः चित्रकार असलेल्या या राजाच्या संग्रहात रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं शिल्पसुद्धा. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. संग्रहालय उघडं आहे का ते फोन करून विचारून मगच निघा.

परतीचा दिवस रविवार असेल, तर दुपारी महामार्गावर खंबाटकीच्या रांगेत अडकण्यापेक्षा साताऱ्याहून वाठार, लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड असं पुण्याला जा. अंतर थोडं वाढतं, पण रस्ता हलका असतो आणि खंडोबाचं दर्शनही होतं. कंदी पेढे मात्र निघण्यापूर्वी मोती चौकातच घेऊन ठेवा, आणि गाडीत उन्हाच्या काचेपाशी ठेवू नका.