पहिली झीन छापण्याआधी या चुका टाळा

चित्रे, मातीकाम, लाकडी ठसे आणि थोडेफार लेखन अशा वेगवेगळ्या माध्यमांत मी काम करते. ही सगळी माध्यमे एका घडीत सामावून घेणारी झीन, म्हणजे स्वतः लिहून, रेखाटून, झेरॉक्सवर काढून स्वतःच शिवलेली छोटी पुस्तिका, मला सर्वांत प्रिय आहे. वडोदऱ्यात स्वतः छापून वाटण्याची ही ओढ नवी नाही. चित्रकार गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांनी १९६९ ते १९७३ या काळात येथूनच ‘वृश्चिक’ हे नियतकालिक चालवले होते. तरीही पहिल्या प्रयत्नात बहुतेकांची झीन बिघडते आणि तिचे कारण प्रतिभेत नसून कागदात असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे डमी, म्हणजे कोऱ्या कागदांची नमुना-पुस्तिका, न बनवणे. ए-४ कागद मधोमध दुमडला की चार पाने होतात, म्हणून एकूण पानांची संख्या चारच्या पटीतच असावी लागते. सोळा पानांच्या झीनला चार कागद लागतात आणि सर्वांत बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला १६ व १, तर दुसऱ्या बाजूला २ व १५ ही पाने येतात. कोणत्याही बाजूच्या दोन पानांची बेरीज १७ आली नाही, तर जुळणी चुकली आहे असे समजावे. कोरे कागद दुमडून, त्यांवर पेन्सिलीने आकडे घालून, ते पुन्हा उलगडून पाहायला दहा मिनिटे पुरतात. पाठपोट छपाईत मागचे पान उलटे आले, तर कागद आखूड कडेवर उलटण्याची सूचना द्यायची राहिलेली असते.

दुसरी चूक समासाची. झेरॉक्स यंत्र कागदाच्या कडेचे चार-पाच मिलिमीटर छापत नाही आणि देवनागरीत त्याचा फटका आधी मात्रा-वेलांट्यांना बसतो. सूरसागर तलावावरच्या माझ्या पहिल्या झीनमध्ये शीर्षक अगदी वरच्या कडेला होते. दांडिया बाजारातल्या शेजारच्या काकूंनी पुस्तिका हातात घेऊन प्रेमाने विचारले, “अगं, ‘पाणा’ म्हणजे काय?” वेलांटीचा वरचा बाक उडाल्यामुळे ‘पाणी’चे ‘पाणा’ झाले होते आणि तोवर चाळीस प्रती निघाल्या होत्या. तेव्हापासून मी चारही बाजूंना किमान दहा मिलिमीटर मोकळे सोडते. संगणकावर अक्षरजुळणी केली असेल, तर फाइल पीडीएफ करूनच दुकानात न्यावी, कारण तिथल्या संगणकावर तो फाँट नसला की जोडाक्षरे फुटतात.

कृष्णधवल प्रतीत फिकट निळी रेघ बहुधा उमटत नाही, लाल मात्र गडद होतो. त्यामुळे कच्ची आखणी फिकट निळ्या पेन्सिलीने करावी, पण जलरंगातल्या नाजूक छटांवर विसंबू नये. सगळ्या प्रती काढण्याआधी एक प्रत काढून पाहावी.

कागदाकडे मात्र सावकाश लक्ष द्यावे. नेहमीच्या ८० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) कागदातून मागचे गडद चित्र आरपार दिसते, म्हणून मी १०० जीएसएमचा कागद वापरते. मुखपृष्ठाचा जाड कागद तंतूंच्या आडव्या दिशेने दुमडला, तर घडीवरची शाई तडकते. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्याच दिशेने घडी ठेवावी आणि पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने आधी खोबण पाडून घ्यावी.

साधा स्टेपलर ए-५, म्हणजे अर्ध्या ए-४ आकाराच्या, झीनच्या घडीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून पिना कडेला मारल्या जातात आणि पुस्तिका नीट उघडत नाही. त्याऐवजी दाभणाने घडीवर तीन भोके पाडून सुमारे ५५ सेंटिमीटर दोऱ्याने शिवावे. आतून मधल्या भोकातून बाहेर यावे, वरच्या भोकातून आत जावे, तिथून थेट खालच्या भोकातून बाहेर पडावे आणि पुन्हा मधल्या भोकातून आत यावे. आतला लांब धागा दोन टोकांच्या मधोमध घेऊन गाठ मारली की शिवण घट्ट बसते.

कडा कापायची घाई शिवण्याआधी करू नये. एकात एक घातलेल्या कागदांपैकी आतली पाने किंचित बाहेर येतातच. शिवलेल्या प्रती रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवाव्यात आणि सकाळी लोखंडी पट्टी धरून, धारदार कटरने, एका वेळी एकच प्रत कापावी.