कणकेच्या ब्रेडला पुरणपोळीचा हात

आमच्याकडे आठवड्याला दोन ब्रेड होतात, निव्वळ कणकेचे, चमचाभरही मैदा न घालता. गहू लोकवन किंवा सिहोर, गिरणीतून बारीक दळलेला. चाळायचा नाही. पोळ्यांसाठी सोयाबीन किंवा हरभरे घालून दळून आणलेलं पीठ इथे चालत नाही. खपलीही नको, तिच्या पिठात ब्रेड उचलून धरण्याइतका चिवटपणा नसतो. ती खिरीला ठेवा.

एका ब्रेडला ४०० ग्रॅम कणीक, ३०० ते ३२० मिली पाणी, १ छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, ८ ग्रॅम मीठ, १ मोठा चमचा गूळ, २ मोठे चमचे तेल.

बहुतेकांचा ब्रेड बिघडतो तो कणीक भिजवताना. ‘हाताला चिकटेनाशी होईपर्यंत पीठ घालत मळा’ हा सल्ला जिथे तिथे दिसतो आणि तो साफ चुकीचा आहे. मी दोन वर्षं तो पाळला. चिकटलं की लाव पिठी, ही पोळ्यांची सवय हातात होतीच. दर वेळी ब्रेड दडस, आणि सुरी लावली की भुगा. यीस्टचे डबे बदलले, ओव्हनवर संशय घेतला. चूक त्या पिठीत होती.

कोंडा पाणी सावकाश पितो. भिजवताना सैल वाटलेली कणीक अर्ध्या तासात आपसूक आवळते. त्यात तुम्ही आणखी पीठ घातलंत की पुढे पाणी पुरत नाही आणि गोळा फुगायला जड होतो. शिवाय कोरड्या कोंड्याच्या कडा धारदार असतात. मळताना कणकेत जे चिवट धागे तयार होतात ते त्या कापतात. भिजून मऊ पडलेला कोंडा एवढा त्रास देत नाही.

म्हणून गुळाच्या पाण्यात कणीक नुसती कालवा आणि झाकून ४० मिनिटं ठेवून द्या. दोन चमचे पाणी मागे ठेवा, त्यात यीस्ट विरघळवून नंतर घाला. मीठही तेव्हाच. मग तेलाच्या हाताने दहा मिनिटं चांगली तिंबा. पुरणपोळीची कणीक आठवा, तशीच सैल आणि ओढली की ताणली जाणारी हवी. पहिली चार मिनिटं ती हाताला, ओट्याला, सगळीकडे चिकटेल. चिकटू द्या. उलथण्याने खरवडून गोळा करा, हात ओला करा, पण पिठीच्या डब्याला हात लावू नका. सहाव्या-सातव्या मिनिटाला ती स्वतःहून सुटायला लागते.

झाकून दुप्पट होऊ द्या. घड्याळ बघू नका, गोळा बघा: पुण्याच्या मे महिन्यात पाऊण तास पुरतो, डिसेंबरात दोन तासही लागतात. हलक्या हाताने वळकटी करून तेल लावलेल्या टिनमध्ये ठेवा. गोळा टिनच्या काठाला आला की लगेच ओव्हनमध्ये घाला. आणखी फुगण्याची वाट पाहिलीत तर कणकेचा ब्रेड मधोमध बसतो.

आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. टिनमधून काढून तळाशी टिचकी मारा, पोकळ आवाज आला की झाला.

गरम कापू नका, आतला भाग अजून ओलसर असतो आणि सुरीला चिकटतो. किमान दोन तास जाळीवर ठेवा. संध्याकाळी भाजलात तर सकाळीच कापा. उन्हाळ्यात दोन दिवसांत संपणार नसेल, तर काप करून फ्रीझरमध्ये टाका आणि लागतील तसे थेट तव्यावर भाजा.