पहिल्या उधाणाला उघाडी बंदच ठेवा

रोहिण्या सरत आल्या, मृग तोंडावर आहे. नवी मुंबईत दिवाळे-सारसोळ्यापासून घणसोली-ऐरोलीपर्यंत खाडीकाठी ज्यांची कोळंबी, जिताडा किंवा चिंबोऱ्यांची तळी आहेत, त्यांना आता उघाडी, म्हणजे बांधातलं फळ्यांचं दार, उघडून पाणी भरून घ्यायची घाई झाली असेल. जरा थांबा. पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांचं पाणी म्हणजे शहराच्या नाल्यांची आणि कारखान्यांच्या पट्ट्यातल्या गटारांची आठ महिन्यांची धुणावळ असते.

गेल्या साली आमच्या उघाडीच्या जाळीला अडकलेला फेस मी पिठाच्या चाळणीत धुऊन पाहिला. खाली उरलं काय? थर्माकोलचे दाणे, निळ्या ताडपत्रीचे कपटे, नायलॉनचे तंतू आणि मसुरीएवढे पिवळट मणी. हे मणी म्हणजे प्लास्टिक कारखान्यांचा कच्चा माल. पांढरा मणी बहुधा नवा असतो. पिवळा पडलेला बराच काळ ऊन-पाण्यात मुरलेला, आणि त्याच्यात विषही सहसा जास्त.

विष चिकटतं कसं, ते घरच्या डब्यावरून कळेल. रश्श्याचा तेलकट पिवळा डाग स्टीलवरून निघतो, प्लास्टिकच्या डब्यावरून घासूनही जात नाही. पीसीबी (विजेच्या जुन्या उपकरणांतली रसायनं), डीडीटी या कीटकनाशकाचे अवशेष, जळक्या तेलातली रसायनं पाण्यात नीट विरघळत नाहीत. प्लास्टिक मिळालं की त्यालाच धरून बसतात. जपानी संशोधकांनी 2001 साली अशा मण्यांवर आसपासच्या पाण्याच्या लाख ते दहा लाख पट पीसीबी असल्याचं दाखवलं. माशाच्या पोटातल्या पाचकरसाने ही रसायनं सुटतात आणि चरबीत, यकृतात जाऊन बसतात. 2013 मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या खाडीत भिजवलेलं प्लास्टिक मेडाका या छोट्या माशांना दोन महिने खाऊ घातलं, तर त्यांच्या यकृताला इजा झाली. कोऱ्या प्लास्टिकनेही झाली, पण कमी.

म्हणून मासळी खाणं सोडा असं मी सांगणार नाही. ही विषं पाण्यातून आणि खाद्यातूनही माशात जातात. प्लास्टिक ही त्यातली एक वाट, पण तिच्यावर आपला थोडा तरी हात चालतो.

उधाण ओसरून पाणी निवळलं की मगच उघाडी उघडा. वरच्या फळ्या तशाच ठेवून मधली फळी काढा, म्हणजे तरंगता कचरा बाहेर राहतो आणि तळाचा गाळही उसळत नाही. आतल्या तोंडाला साठ मेशची (इंचाला साठ भोकांच्या जाळीची) पिशवी बांधा. पाव मिलिमीटरपेक्षा बारीक कण तीतूनही जातातच, पण मणी आणि थर्माकोल अडतं. पिशवी खाडीत झटकू नका. सुकवून कचरा गोणीत भरा आणि सुक्या कचऱ्याच्या गाडीत द्या. बांधावर जाळलात तर त्याची राख आणि धूर तुमच्याच तळ्यावर.

आता आपल्या घरातलं. तरंगायला बांधलेला मासळीच्या पेटीचा थर्माकोल एका पावसाळ्यात भुसा होतो. माझा झाला, आणि तो भुसा पुढे सहा महिने वाऱ्याच्या कोपऱ्यातून हातजाळीने काढत बसलो. त्याजागी बूच लावलेले जाड कॅन बांधा. खाद्याची गोणी सुरीने फाडू नका, शिवणीचा दोरा ओढून उसवा. फाडलेल्या कडेचे तंतू थेट खाद्यात पडतात. चेक ट्रेमध्ये, म्हणजे खाद्य तपासायला पाण्यात ठेवलेल्या थाळीत, उरलेलं खाद्य बघता, तेव्हा त्यात दाण्यासारखं दिसणारं दुसरं काही आहे का तेही बघा.

काढणीआधी एक दिवस खाद्य बंद ठेवा. कालवं-शिंपले विकायचे असतील तर एक-दोन दिवस स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवा, कारण ती पोटासकट खाल्ली जातात. यात पोटातले बरेच कण बाहेर पडतात, मांसात मुरलेलं रसायन मात्र नाही. चिंबोरी साफ करताना कल्ले आणि पोटाची पिशवी टाकून द्या.

ज्यांचं तळं वाळवायचं अजून राहिलंय त्यांनी वरचा काळा गाळ या आठवड्यातच खरवडून काढा. तो बांधाच्या आतल्या उतारावर मात्र टाकू नका, पहिल्याच सरीत परत तळ्यात येईल.